आखाडातला हप्ता

सोनबानं काउंटरवर रिकामी बाटली ठेवली, शेजारी रोख पैसे ठेवले आणि म्हणाला, "भाऊ, बा गेला." मी सवयीनं नरसाळं उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं... या गोष्टीला आता महिना होऊन गेला. सोनबाचे वडील म्हाळूमामा हे मुळशीतले एक मेंढपाळ, आणि पौडच्या आमच्या रॉकेल कंपनीचे एक संचालक. पुण्याच्या पेपरात त्यांच्यावर दोन ओळीही आल्या नाहीत. याव्यात असं त्यांना वाटलंही नसतं. मला वाटतं, म्हणून हा खटाटोप.

कंपनी म्हणजे काय, तर एक गोदाम, एक ट्रक आणि गावोगावच्या लोकांनी पाच-दहा रुपये घालून घेतलेले शेअर. त्याआधी घाटाकडच्या गावांना व्यापारी सांगेल त्या भावानं बाटलीभर रॉकेल घ्यावं लागे. धनगरवाड्यांनीही शेअर घेतले होते आणि आपला माणूस म्हणून मामांना निवडून दिलं होतं. मामांना सही येत नव्हती, अंगठा उठवत. सभेत बाकीचे संचालक खुर्च्यांवर बसत. मामा दाराजवळ रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर घोंगडी टाकून बसत. मी खुर्ची पुढं केली की म्हणत, "नगं भाऊ, खुर्चीत मला झोप येती." मी तेव्हा नुकताच पुण्याहून कारकून म्हणून आलेला, बी.कॉम.ची पदवी अजून कोरी करकरीत. हा माणूस कंपनीच्या कारभारात काय उजेड पाडणार, असं मला मनातून वाटायचं. आज ते लिहितानाही लाज वाटते.

दोन-तीन वर्षांत कंपनी गाळात गेली. ट्रकचं कर्ज एकाचं, गोदामाचं दुसऱ्याचं आणि मालाची उधारी पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याची. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून ट्रकचं इंजिन बसलं. तिघंही एकदमच दारात आले. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, पुण्याच्या पेठेतला एक शेठ गाठला. तो तिन्ही देणी स्वतः भागवणार आणि आम्ही त्याचं एकच कर्ज, कमी व्याजानं, तीन वर्षांत फेडायचं. मात्र लागोपाठ दोन हप्ते चुकले, की गोदाम आणि ट्रक त्याचा. हप्त्यांचा तक्ता करण्याचं काम माझ्याकडं आलं. मी वर्षाची विक्री काढली, खर्च वजा केला, उरलेल्याला बारानं भागलं आणि लाल शाईनं रेघा मारून असा सुबक तक्ता केला, की शेठनंही अक्षराचं कौतुक केलं.

सभेत अण्णांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवत मी एकेक महिना समजावून सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या. अण्णा लेखणी उचलणार, एवढ्यात दाराजवळून आवाज आला, "आन् आखाडात?"

"आखाडातही तेवढाच हप्ता," मी म्हणालो. "बारा महिने सारखा."

"आखाडात पैका कुटनं येनार? वड्याला पानी आलं की पल्याडनं मानूस येत न्हाई. पावसाळ्याचं रॉकेल लोक जेठातच उदार उचलून ठिवत्यात, आन् पैकं देत्यात भात झोडपल्यावर. भाऊ, तुमी दोन वरसं हितं हाय, तुमी बघितलं न्हाई व्हय?"

मी बघितलं होतं. उधारीच्या वहीत माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं होतं. पण तक्ता करताना मी बारानं भागलं, कारण वर्षाचे महिने बारा असतात! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. भाद्रपदात ओढा उतरला की रोखीचं गिऱ्हाईक पुन्हा यायचं; पण त्याआधी आषाढ आणि श्रावण, बरोबर दोन हप्ते, आणि दोन हप्त्यांतच कंपनी जाणार होती.

अण्णा पुन्हा शेठकडं जाऊन आले. शेठ म्हणाला, पुढच्या वर्षांचे हप्ते मार्गशीर्ष ते वैशाख करून देतो, पण पहिलं वर्ष कागदाप्रमाणं पाळून दाखवा. आता सही करावी तर श्रावणात सगळं जातं आणि न करावी तर जुने तिघं महिन्याभरात जप्ती आणतात. दोन तास नुसता गोंधळ. शेवटी मामा उठले, घोंगडी झटकली आणि म्हणाले, "करा सई. पैल्या सालच्या आखाड-सरावनाचं माज्याकडं लागलं. वाड्यांवरची जुनी बाकी हाय, भाऊ यायच्या आदीची, ती मी गोळा करतो."

आषाढात धो धो पाऊस कोसळत असताना मामा खरंच आले. नखशिखांत भिजलेले, कमरेला फडक्यात पैसे. श्रावणातही आले. दोन्ही वेळा मी ते मोजून घेतले आणि वहीत लिहिलं, 'धनगरवाडे, जुनी बाकी वसूल.' कंपनी वाचली. पुढचे हप्ते भातानंतरच्या महिन्यांत वेळेवर गेले, कर्ज फिटलं, घाटापलीकडच्या शेवटच्या वाडीलाही रास्त भावात रॉकेल मिळत राहिलं. मला पगारवाढ मिळाली. मामा सभांना येत राहिले आणि डब्यावर बसत राहिले.

दहाव्याला मी वाड्यावर गेलो. बोलता बोलता मी सोनबाला म्हणालो, "मामांनी त्या वर्षी बाकी वसूल केली नसती, तर आज कंपनी नसती."

सोनबानं मला मध्येच थांबवलं. "कसली बाकी, भाऊ? वाड्यांवर बाकी नव्हतीच. आमी मेंढरं घिऊन उगवतीला कोरड्या मुलखात गेलो हुतो. बा आखाडात तितं आला, आन् बाजारात पस्तीस मेंढरं इकली. सरावनात आनिक तीस. निम्मा कळप गेला. आई लई रडली. बा म्हनला, कळप वाढंल. कंपनी गेली तर पुना हुभी न्हाई ऱ्हायची."

ओढा भरून वाहत असताना पलीकडची बाकी आलीच कशी, हे मी विचारलं नव्हतं. मोजणी चोख होती, एवढंच मी पाहिलं होतं. पदवीधर कारकुनाची एक चूक त्यांनी भरसभेत बोट ठेवून दाखवली आणि तिची किंमत गुपचूप स्वतःच्या कळपातून चुकवली. आणि त्यानंतरची सगळी वर्षं माझ्या समोर बसून, एका शब्दानं, एका नजरेनंही मला ते कळू दिलं नाही. एवढं मोठं मन माणसाजवळ असू शकतं, हे मी कोणी सांगितलं असतं तर मानलं नसतं.

"पैसे परत का नाही मागितले?" मी विचारलं.

"आमी बी म्हनलो. तर म्हनं, त्या पोरानं वहीत बाकी म्हून लिवलंय. खोडायला लावलं तर त्याची नोकरी जाईल."

गेल्या आठवड्यात मामांशिवाय पहिली सभा झाली. त्या दिवशी वही उघडून मी सगळं सांगितलं. मेंढरांचे पैसे सोनबाला द्यायचं ठरलं, माझ्या पगारातूनही थोडे कापायचे, हे मीच लिहून दिलं. मग नव्या ट्रकच्या कर्जाचा विषय निघाला आणि तक्ता करायला मला सांगितलं. शिपाई दाराजवळचा पालथा डबा उचलायला आला, त्याला मी थांबवलं आणि खुर्ची सोडून त्या डब्यावर जाऊन बसलो. इतकी वर्षं खुर्चीतून मला समोरचं कॅलेंडर दिसायचं. डब्यावरून ते दिसतच नाही, मध्ये अण्णांची खुर्ची येते. तिथून उघड्या दारातून फक्त घाटाकडं जाणारा रस्ता दिसतो, आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी ओढ्यावरची फरशी.