खाटेच्या पायथ्याची फूटभर जागा

“ता सगळा बरा, पण झोपतलंस खंय?”

बिल्डरचा गुळगुळीत कागद कोणी पुढे केला की मेस्त्रींचा मालवणीत हा पहिला प्रश्न, झोपणार कुठे? आधी चष्मा कपाळावर चढवायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि मग हे. समोरचा बिचारा लिफ्ट, गच्ची, स्टेशनपासून सात मिनिटं, काय काय सांगत असायचा. मेस्त्री सगळं ऐकून घ्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

भांडुपच्या आमच्या कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. म्हणजे यंत्राचा भाग लोखंडात ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचा. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. ती वाढ किती ठेवायची हे मेस्त्रींच्या बोटांना ठाऊक होतं. मी तिथेच स्टोअर्समध्ये कारकून. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला अख्ख्या कारखान्याला फ्लॅटचं वेड लागलं होतं आणि जो तो रविवारी मेस्त्रींना घेऊन साइटवर जायचा. घडीची लाकडी पट्टी आणि खिशात खडू, एवढाच त्यांचा सरंजाम. फी म्हणाल तर एक चहा, तोही कमी साखरेचा.

मीही त्यांना नेलं. तेव्हा आम्ही कुर्ल्याला एका खोलीत पाच जण राहत होतो. मी, बायको, दोन मुलं आणि आई. आईची डावी बाजू लुळी पडली होती. तिची खाट कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. दोन वर्षं ती बाई ओल आलेली भिंत आणि एक कॅलेंडर बघत पडून होती. नवीन घराचं निघालं तेव्हा तिने एकच मागितलं, “मला खिडकीशी ठेव रे. रस्ता दिसला की पुरे.”

मुलुंडला इमारतीचं काम चालू होतं. विटा चढल्या होत्या, बाकी सगळं व्हायचं होतं. बिल्डरचा माणूस म्हणाला, “पाचशे वीस फूट, साहेब!” माझी छाती फुगली. मेस्त्रींनी एकेक खोली मापली, विटांवर खडूने आकडे लिहिले आणि खाली बेरीज मांडली. तीनशे साठ.

“मग बाकीचे एकशे साठ कोणी खाल्ले?” मी ओरडलोच. आवाज चढवायला मला वेळ लागत नाही, ते पुढे येईलच.

मेस्त्री शांतपणे म्हणाले, “भिंतींची जाडी धरली त्यांनी. जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली, वरची पाण्याची टाकी, सगळ्यात तुझा वाटा. कागदावर ता तुझाच. पण टाकीवर झोपतलंस? जिथे चटई पसरते तेवढाच घर.”

“काका, सुपर बिल्टअपची पद्धतच आहे सगळीकडे,” बिल्डरचा माणूस कुरकुरला.

“पद्धत आसूंदे. पण माणूस जिन्यात झोपत नाय,” मेस्त्री म्हणाले.

मग त्यांनी जमिनीवर खडूने घर मांडलं. इथे कपाट, इथे ओटा, दार उघडलं की एवढं येणार. आणि बायकोला म्हणाले, “वहिनी, झोपा.” ती चांगलं पातळ नेसून आलेली, पण तुम्ही मेस्त्रींना पाहिलं असतंत तर तुम्हीही झोपला असतात. खडूच्या चौकटीत आडवी पडून ती इतकी हसली की बिल्डरचा माणूसही हसला. शेवटी हॉलच्या खिडकीखालचा, दोन भिंतींमधला कोनाडा. विटेपासून विटेपर्यंत सहा फूट चार इंच. वडिलांची सागवानी खाट सहा फूट तीन.

“एक इंच शिल्लक. हंय रवतली तुझी आवस. कर बुक.” आवस म्हणजे आई; तिची जागा इथे ठरली.

दीड वर्षाने ताबा मिळाला. सामान आलं, हमालांनी खाट खिडकीखाली सरकवली आणि ती अडकली. पुन्हा सरकवली, पुन्हा अडकली. दोन्ही बाजूंच्या विटांवर आता प्लास्टर चढलं होतं आणि अर्ध्या इंचाने वाट लागली होती. दुसरी जागा होती ती संडासाच्या दारामागची. आई मधोमध खुर्चीवर बसून सगळं बघत होती. म्हणाली, “राहू दे रे. त्या भिंतीशीच लाव. मला सवय आहे.”

ते वाक्य मला सहन झालं नाही. सोमवारी कारखान्यात दहा माणसांसमोर मी मेस्त्रींवर तोंड टाकलं. “लोखंड आकसतं ते कळतं, भिंतीवर प्लास्टर येतं ते कळत नाही? कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?” ज्या माणसाने एका चहावर माझ्यासाठी आपला रविवार घालवला, त्याला मी हे म्हणालो. मेस्त्रींनी हातातला रंधा खाली ठेवला.

त्याच संध्याकाळी ते पिशवीत करवत आणि रंधा घेऊन दारात उभे. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ आईपाशी गेले.

“आई, जरा सरळ पडा बघू.”

पट्टी उलगडून त्यांनी आईला डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं. मग पट्टीकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “चार फूट अकरा. मगे सव्वासहा फुटांची खाट कित्याक? सगळ्यांनी खाट मापली. आवशीचा माप कोणी घेतलाच नाय. माका पण सुचला नाय.”

वडील उंच होते, खाट त्यांची होती. तिला हात लावायचं आमच्या कोणाच्या मनातच आलं नव्हतं. आईने नुसती मान हलवली, कापा म्हणून. मेस्त्रींनी अर्धा इंच नाही, चांगला फूटभर कापला. खाट कोनाड्यात गेली आणि पायथ्याशी फूटभर जागा उरली. कापलेल्या सागवानाचं त्यांनी खाटेच्याच उंचीचं अरुंद स्टूल केलं आणि तिथे बसवलं.

“माझी आवस चाळीच्या गॅलरीतच वारली,” चहा पिताना म्हणाले. “आत जागा नव्हती. तिच्याकडे बसूक पण जागा नव्हती.” एवढंच.

आई त्या खिडकीशी चार वर्षं राहिली. भाजीवाल्याची गाडी आली की आमच्या आधी तिला कळायचं. स्टुलावर मी बसायचो, मुलं बसायची, शेजारणी बसायच्या. मेस्त्रींची माफी मागायचं रोज ठरवायचो आणि रोज राहायचं.

ते रिटायर होऊन गावी गेले. चाळीतली खोली भावाकडे गेली. मुंबईत त्यांनी स्वतःसाठी एक फूटही घेतला नाही. आई गेल्यावर भेटायला आले. रिकाम्या खाटेकडे बघून हळू म्हणाले, “आता हंय कोण झोपतला?”

“तुम्ही,” मी म्हणालो. “आज, आणि पुढे मुंबईत याल तेव्हा प्रत्येक वेळी. मेस्त्री, त्या दिवशी मी फार वाईट बोललो.”

त्यांनी चप्पल काढली आणि खाटेवर आडवे झाले. मेस्त्री साडेपाच फुटांच्या वर, खाट सव्वापाच. पाय बाहेर लोंबायला लागले. त्यांनी ते उचलून स्टुलावर टेकवले आणि डोळे मिटून म्हणाले, “माप बराबर आसा.”

त्यानंतर ते दोनदाच आले. मग गावाहून पत्र आलं, दिवसकार्याला गेलेल्या त्यांच्या भावाच्या हातचं.

खाट अजून खिडकीखालीच आहे. घरात उंच पाहुणा आला की बायको विचारते, “यांना कुठे झोपवायचं?” मी उठतो आणि पायथ्याचं स्टूल नीट खाटेला चिकटवून ठेवतो.