चिमटाबाईने न चोळलेला पाय

तिला सगळे चिमटाबाई म्हणत. ते बोटांमुळे की जिभेमुळे, हे म्हणणाऱ्यावर होतं. पंचावन्नची, ठेंगणी, मनगटं मात्र पैलवानासारखी. भावजयीच्या मालीश केंद्रात ती अकरा वर्षं लोकांची अंगं चोळत होती आणि त्यातल्या निम्म्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होती. उरलेल्यांना तोंडावर.

भावजयीने दाराशी फलक लावला होता. हलकं मालीश, खोल दाबाचं, गरम दगडांचं, तळपायांचं. आणि प्रत्येकापुढे फायदे. रक्त शुद्ध होतं, चरबी वितळते, जुनाट रोग पळतात. कुणी तो फलक वाचत उभं राहिलं की चिमटाबाई टॉवेल झटकत म्हणे, "वितळायला तुम्ही काय लोणी आहात? हलक्या हाताने चोळलं की झोप छान लागते. खोल दाबलं की आखडलेली मान सुटते. गरम दगडाने पाठ सैल पडते. दिवसभर उभं राहणाऱ्याने तळवे दाबून घ्यावेत. रोगबीग काही पळत नाहीत."

आतून भावजय ओरडे, "वन्सं, गिऱ्हाईक पळतंय तेवढं!"

या कामाला लागण्याआधी ती एका मोठ्या इस्पितळात व्यायामोपचार विभागात मदतनीस होती. तिथल्या साहेबांचा दरारा असा, की ते आले की रुग्णसुद्धा पोट आत घेत. एकदा एका म्हाताऱ्याचा खांदा साहेब जोर लावून फिरवत होते. म्हातारा कळवळत होता. ही सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, सोडा त्याला, मोडाल!" त्याच संध्याकाळी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. "तुला हात चालवायला ठेवलंय, तोंड नाही," एवढंच म्हणाले आणि काढून टाकलं. बोलण्यात तिची रीत चुकली होती, हे तिलाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त टिकला.

आणि एका दुपारी तेच साहेब केंद्रात आले. निवृत्त झालेले, केस पांढरे, आवाज तोच. चिमटाबाई पडद्याआड तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवत होती. आवाज ऐकून तिचा हात थांबला.

"दोन दिवसांपूर्वी चौदा तासांचा बसप्रवास झाला," साहेब भावजयीला सांगत होते. "डावी पोटरी जाम धरलीय. चांगली दाबून द्या म्हणावं."

ते बाकावर पालथे झोपले, उशाकडच्या गोल भोकात तोंड घालून. हिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तिने हातांना तेल लावलं. अंगठे शिवशिवत होते. असा दाब द्यावा की बाप आठवला पाहिजे, असं तिच्या मनात आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने चादर वर केली आणि पोटरीवर तळहात ठेवला.

पोटरी तापलेली होती. कातडी ताणून चकचकीत झाली होती. तिने दुसरी पोटरी चाचपली. ती गार आणि बारीक होती. खुंटीवरची शिवणाची फीत काढून दोन्ही मोजल्या. डावी चांगली दीड इंचाने जास्त भरली.

"उठा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"या पायाला मी हात लावणार नाही. गाठ झाली असेल रक्ताची. इस्पितळात जा, आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी मान वर करून पाहिलं. ओळखायला त्यांना फार वेळ लागला नाही. "अस्सं. तू होय! एवढ्या वर्षांनी सूड उगवतेस?"

"सूड उगवायचा असता तर दाबला असता."

"मला शिकवतेस? मला?"

"तुम्हीच शिकवलंत! एकच पाय सुजलेला, गरम असला तर मालीश करायचं नाही, गाठ सुटून फुप्फुसात जाते. रोज सकाळी आम्हाला रांगेत उभं करून बडबडत होतात. स्वतःचा पाय बघायला डोळे नाहीत का?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. भावजय धावत आली. "माफ करा हं साहेब, यांचं डोकं फिरलंय. मी देते दाबून." ती वाटीकडे वळली. चिमटाबाईने वाटी उचलली आणि सगळं तेल मोरीत ओतलं. मग बाकाच्या आडवी उभी राहिली.

"लाव हात. बघतेच मी."

साहेब शर्टाची बटणं उलटसुलट लावत, लंगडत निघून गेले. दारात म्हणाले, "तुला तेव्हा काढलं ते योग्यच केलं."

भावजयीने आठ दिवस अबोला धरला. भाऊ तर त्याच संध्याकाळी येऊन म्हणाला, "ताई, घरी जाऊन माफी माग त्यांची. ते गावभर आपली बदनामी करतायत." तिने त्याच्यासमोर दार लावून घेतलं.

नवव्या दिवशी औषधांच्या दुकानदाराकडून कळलं. साहेब हट्टाने इस्पितळात गेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दम लागून कोसळले. गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता, थोडक्यात वाचले. भावजय हे ऐकून मटकन खाली बसली आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. चिमटाबाईला मात्र संताप आला. "सांगितलं होतं ना त्या मूर्खाला!" म्हणत तिने टॉवेलांचा गठ्ठा असा आपटला, की शेल्फ हललं.

तीन महिन्यांनी साहेब पुन्हा आले, बायकोला घेऊन. तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणीपर्यंतसुद्धा हात जात नव्हता. डॉक्टरांनी तपासून व्यायाम दिले होते आणि सोबत हलकं मालीश करायला हरकत नाही म्हटलं होतं. आभार, माफी, काही नाही. साहेब कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

चिमटाबाईने खांद्याखाली उशी दिली, गरम फडकं ठेवलं, मग पाठीच्या फऱ्याच्या कडेने बोटं हळूहळू सरकवू लागली. "दुखलं की सांगायचं. सोसत पडायचं नाही," ती म्हणाली. बाईंनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

"अंगठा जरा वर हवा," स्टुलावरून आवाज आला. "आणि तो कोन चुकतोय."

"इथे हात चालतात," चिमटाबाई वळूनही न बघता म्हणाली. "तोंड चालवायचं असेल तर बाहेर."

बायको डोळे न उघडता म्हणाली, "अहो, जा ना बाहेर."

साहेब उठले आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.