धूलकोटला निघालेली स्कूटर

स्कूटर घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ती तापीत घातली.

म्हणजे अख्खी नाही. पुढचं चाक आणि थोडा मडगार्ड. घरात गाडी आली की आधी राजघाटावर नेऊन तापीमाईला दाखवायची, नारळ चढवायचा, मगच लांब कुठे न्यायची, अशी आमच्याकडे रीत. आमची गाडी दोन मालकांनी वापरून सोडलेली होती, पण आम्हाला नवीनच. पूजा झाल्याशिवाय मागे बसणार नाही, असं बायकोनं सांगितलं होतं. ती ताट घेऊन रिक्षानं आधीच घाटावर जाऊन उभी होती.

मी उतारावरून ऐटीत आलो आणि तिच्यासमोर थांबायला म्हणून डाव्या हाताची दांडी दाबली. जन्मभर सायकल चालवलेला माणूस मी, आणि त्या सायकलीचा उजवा ब्रेक कायमचा तुटलेला. थांबायचं म्हणजे डावा हात, एवढंच अंगाला ठाऊक. स्कूटरच्या डाव्या हाताला असतो क्लच. तो दाबला की गाडी थांबत नाही, मोकळी सुटते. मी जितका जोर लावला तितकी ती सुटत गेली, आणि बायकोच्या ताटासमोरून, तिच्याकडे बघत बघत, मी नदीत गेलो.

शेजारी कपडे आपटणाऱ्या मावशी हात थांबवून म्हणाल्या, "भाऊ, नदीत नारळ सोडतात. गाडी नाही."

बायको साडी आवरून पाण्यात उतरली आणि तिथेच हेडलाइटला कुंकू लावलं.

खरं तर मला गाडीची गरज नव्हती. घर आमच्याच शहरातल्या लालबागला, स्टेशनाच्या जवळ. ड्यूटी कागद कारखान्यात. पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. वडीलही जळगावकडून या कारखान्यासाठीच इकडे हिंदी मुलखात आले आणि जन्मभर पायीच स्टेशन गाठत राहिले. गाडी घेतली ती बायकोसाठी. लग्नानंतर सहा वर्षं ती अर्ज करत होती. अखेर धूलकोटच्या शाळेत नेमणुकीचं पत्र आलं. पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, ठरल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या नावाला बोलावू. धूलकोटची बस त्या वेळेला कधी यायची, कधी यायचीच नाही. बायको ते पत्र रोज एकदा काढून वाचायची आणि पुन्हा फाइलीत ठेवायची. मी म्हटलं, काळजी करू नको, आपली गाडी आहे.

मिस्त्रीनं गाडी हातात देताना सांगितलं, "साब, गाडी नहीं, घोडी है. दो बातें याद रखना. सुबह स्टार्ट न हो तो टेढी करना. और खडी करो तो पेट्रोल का कॉक बंद."

पहिली गोष्ट शिकायला मला आठवडा लागला. रोज सकाळी स्कूटर आपल्या अंगावर घेऊन आडवी करायची, आतलं पेट्रोल खळखळ करून पुढे येईल एवढी, मग सरळ करून किक. लोक खिडकीतून बघायचे. समोरचे काका विचारायचे, "काय, आज कोण जिंकलं?" पण एकदा सुरू झाली की काय आवाज! आणि तो ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा धूर, मला तर उदबत्तीसारखा वाटायचा. जुन्या बनियननं मी तिला रोज पुसायचो. आकाशी रंग होता, म्हणजे जिथे होता तिथे आकाशी. दिवसातून दहादा पडदा सरकवून बघायचो, आहे ना जागेवर. आता मुलगी म्हणते, "पप्पा, कबाड में दे दो ना यार, कोंबड्या बसतात तिच्यावर." तिला काय सांगणार? आमच्या घरात पहिल्यांदा स्वतःची म्हणून काही चाकावर आलं होतं.

दुसरी गोष्ट, कॉक बंद करायची, ती मात्र मला शिकावीच लागली नाही. कारखान्यात माझं कामच ते. मशीन थांबली की लगदा येणाऱ्या नळाचा व्हॉल्व बंद करायचा. हात पुसायच्या आधी, विडी पेटवायच्या आधी. उघडायचा मात्र मी नाही. उघडायचा सुपरवायझरनं, सगळं तपासून. बारा वर्षं माझ्या हातानं फक्त बंदच केलं होतं. घरी उघडायला मी एक युक्ती केली होती, कॉकला लाल दोरा बांधला. गाडी आडवी करताना तो दिसायचा आणि आठवण व्हायची.

हजर व्हायचा दिवस आला. बायकोनं इस्त्रीची पिवळी साडी नेसली, फाइल पदराखाली धरली आणि एका बाजूला पाय सोडून मागे बसली. खांद्यावर तिचा हात. केळीच्या बागांमधून सकाळचा गार वारा. मला वाटलं, अख्ख्या जिल्ह्यानं आम्हाला बघायला यायला पाहिजे. पण रस्ता रिकामा, बघायला कोणी नाही. म्हणून मी एका चहाच्या टपरीवर थांबलो.

"अहो, उशीर होईल," बायको म्हणाली.

"तासभर आहे हातात. चल, अर्धा अर्धा घेऊ."

चहा घेतला, टपरीवाल्याला गाडीची माहिती न विचारता दिली आणि निघालो. इंजिन गरम होतं, एका किकमध्ये सुरू. आडवी करायची वेळच आली नाही. आणि किलोमीटरभर गेल्यावर, चढाच्या मध्यावर, स्कूटर दोनदा खोकली आणि गप्प झाली.

मी किक मारल्या. पन्नास तरी. प्लग काढला, पुसला, फुंकला, लावला. आडवी केली, डाव्या अंगाला, उजव्या अंगाला. लाल दोरा नाकासमोर लोंबत होता, पण धांदलीत डोळे असून उपयोग नसतो.

बायको हळूच म्हणाली, "तो कॉक..."

"मला कॉक शिकवतेस? बारा वर्षं हेच करतो मी!"

तिनं घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस. धूलकोट अजून दोन कोस. तिनं फाइल छातीशी धरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते आता माझ्यामुळे हातचं जाणार, हे मला तिच्या पाठीवरून कळत होतं.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत केळीचे कंद आणि लागवडीला निघालेल्या आठ-दहा बायका. ट्रॅक्टरवाले दादा थांबले. "काय झालं भाऊ? बैठ गई क्या?"

"कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय," मी मिस्त्रीच्या तोऱ्यात म्हणालो.

बायकोनं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "दादा, धूलकोटच्या शाळेत पहिला दिवस आहे. अकराच्या आत पोचायचंय."

ट्रॉलीतून चार हात खाली आले. "या बाई, वर या! मालक राहू द्या गाडीजवळ, तेवढीच राखण." सगळ्या हसल्या. पिवळी साडी कंदांच्या ढिगावर चढली आणि ट्रॅक्टर चढ चढू लागला.

मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलो. आणि बसल्यावर, तेव्हा कुठे, लाल दोरा दिसला. कॉक बंद. नळीत उरलेल्या पेट्रोलवरच गाडी किलोमीटरभर आली होती. टपरीवर मशीन थांबली होती, आणि माझ्या हातानं आपली ड्यूटी केली होती. मी कपाळावर हात मारला, कॉक फिरवला, किक मारली. पहिल्याच किकला सुरू.

ट्रॅक्टरला गाठायला दोन मिनिटं लागली. हॉर्न वाजवून म्हटलं, "झाली चालू! उतर, बस!"

"राहू द्या," वरून बायको म्हणाली. "तुम्ही मागून या."

म्हणून धूलकोटपर्यंत मी ट्रॅक्टरच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धूळ खात गेलो. ट्रॉलीतल्या बायका मला हात दाखवत होत्या, वरातीतल्या घोड्याला दाखवतात तसा. अकराला आठ मिनिटं कमी असताना बायकोनं साडी झटकली, केसातली माती काढली आणि हेडमास्तरांच्या खोलीत गेली. मी फाटकापाशी उभा. हजेरीपटावर सही करून ती बाहेर आली तेव्हा तिच्या बोटाला शाई लागलेली होती. ती शाई तिनं मला दाखवली.

संध्याकाळी घरी आल्यावर समोरच्या काकांना मी सविस्तर सांगितलं, कार्ब्युरेटर कसा असतो, त्यात कचरा कसा अडकतो, आणि भर रस्त्यात मी एकट्यानं तो कसा काढला. काका मान डोलवत गेले. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

"ट्रॉलीवरून खूप लांबचं दिसतं हो," ती म्हणाली. "तुम्ही कपाळावर हात मारलेलाही दिसला. असू द्या, कचराच होता. बंद तुम्हीच करत जा, तुमचा हात बसलाय. पण उद्यापासून किक मारायच्या आधी तो कचरा मी उघडत जाईन."