गोराईचा रुमाल

मुलगी बघायला जाण्याआधी मला एका अख्ख्या गावाने बघून घेतलं.

ऐंशीनंतरची दोन-चार वर्षं उलटली असतील. संध्याकाळी पाचला दहिसरला मुलगी बघायला जायचं ठरलं होतं आणि नेमकी त्याच सकाळी आईला खाडीपलीकडची गोराई बघायची हुक्की आली. बोरिवलीत आमच्या दारावर मासे घेऊन येणारी हिराबाई तिथली. तिने बोलावलंही होतं. दुपारी परतायचं आणि परस्पर दहिसर गाठायचं, म्हणून मी नवी कोरी, कडक इस्त्रीची पँट घालूनच होडीत बसलो. (अक्कल!)

ओहोटी होती. होडीतून उतरताना मी ऐटीत पाऊल टाकलं ते थेट कमरेपर्यंत चिखलात!

"पँट काड," घरी नेल्यावर हिराबाई म्हणाली. "धुवून वाळत टाकते. तवर रुमाल नेस."

"रुमालाने काय होणार? टॉवेल दे ना."

"आमचे बापये जल्मभर रुमालच नेसतात रे."

रुमाल म्हणजे कोळी पुरुष कमरेला बांधतात तो चौकड्यांचा तिकोनी कपडा. पुढून तो अगदी सभ्य. मागून मात्र भरपूर हवा येते! (आत जे काही होतं तेही चिखलातच गेलं होतं.) त्यांना तो शोभतो, बँकेतल्या कारकुनाला नाही. मी भिंतीला पाठ लावली ती लावलीच.

तेवढ्यात बोरिवलीचे पाहुणे आल्याची बातमी फुटली आणि ओटी बायकांनी भरली. वय काय, पगार किती, दात स्वतःचेच का, तिसऱ्या मजल्यावर राहता तर चक्कर येत नाही का, सगळं विचारून झालं. आईही काही कमी नव्हती. तिने हिराबाईच्या मडक्यांची झाकणं उचलून पाहिली, बोंबील किती दिवस वाळवायचे ते विचारलं आणि एकीची नथ मागून स्वतःच्या नाकाला लावून बघितली. सगळ्या जणी भलत्याच खुशीत होत्या. त्या खुशीत, पोरगा आज मुलगी बघायला चाललाय, हेही आईने सांगून टाकलं. मग तर त्यांनी मला रीतसर तपासायलाच घेतलं.

"वळ बगू," एक म्हातारी म्हणाली.

मी नाही म्हटलं. तिने आईकडे काळजीने पाहिलं. "पोराच्या पाठीत काय खोट हाय काय गो?"

आईचा पारा चढला. "माझ्या पोरात खोट? वळ रे!"

मी वळलो. त्यानंतरचं हसणं खाडीपलीकडे ऐकू गेलं असणार.

दहिसरला पोचलो तेव्हा पँट पुढून वाळली होती, मागून नाही. तासभर लाकडी खुर्चीवर बसून राहिलो. उठायची वेळ आली तेव्हा पाठ फिरवायची सोयच नव्हती. म्हणून सगळ्यांना हात जोडत, वाकत, उलट्या पावलांनी जिन्यापर्यंत गेलो.

दुसऱ्याच दिवशी होकार आला. मुलगा फार संस्कारी आहे, थोरामोठ्यांना पाठ दाखवत नाही, असं मुलीच्या वडिलांचं मत पडलं होतं.

त्या एका गुणावर माझं लग्न झालं. दुसरा गुण बायको अजून शोधते आहे!