उजवीकडचं आतडं

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना शाळेतून पोट धरून घरी आली. त्याच दिवशी साताऱ्यात तिचं अपेंडिक्स काढलं. कोरेगावला परतल्यावर ती भाकरी खायला, भावाशी भांडायला लागली, आणि मीही निर्धास्त झाले. मग डॉक्टरांनी बोलावून घेतलं. काढलेल्या अपेंडिक्सच्या तपासणीत गाठ सापडली होती.

कर्करोगाच्याच जातीची, पण सावकाश वाढणारी, असं ते म्हणाले. आकार जरा मोठा होता. मोठ्या माणसांत अशा वेळी उजवीकडचं आतडंही काढतात, तिचंही काढावं, म्हणजे पुढे घोर नको.

नवरा लष्करात, सरहद्दीवर. त्यानं फोनवर सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "तू हाईस तिथं. तू म्हणशील तसं." मला त्याचा फार राग आला.

सासऱ्यांना आणि तिला घेऊन मी सांगलीला गेले, लहान मुलांच्या सर्जनबाईंकडे. त्यांनी सांगितलं, मुलांमध्ये ही गाठ सहसा पसरत नाही. ती पूर्ण निघाली आहे, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. एवढं ऑपरेशन पुरे. आतडं काढलं तर त्याचाच त्रास तिच्या मागे लागेल.

"परत येणार नाही ना?" मी विचारलं.

"तशी खात्री कुणीच देणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मी तिला पुन्हा कापणार नाही."

बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, दोन डाक्टर दोन बाजूला, आपण अडाण्यांनी काय ठरवायचं? स्टँडवर गाडीची वाट बघताना मुलीनं माझा पदर ओढला.

"आई, माझ्या पोटात अजून काय हाय का?"

"न्हाई," मी म्हणाले.

तोंडातून ते निघून गेल्यावर मला कळलं, ठरवून टाकलं आपण.

आता ती पोलीस भरतीसाठी पळायला जाते. आजवरच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. तरी ती जेवण अर्धवट टाकून उठली, की मीही हातातला घास ताटात ठेवते. साताऱ्याच्या डॉक्टरांचा आवाज कानात येतो, शांत, समजावणारा.

परवा कैऱ्या खाऊन पोट दुखतंय म्हणाली. मी तिची उजवी कूस दाबून बघितली. ती हसायला लागली, "आई, गुदगुल्या होत्यात," म्हणाली. माझी बोटं तिथून निघेनात. शेवटी तिनंच माझा हात बाजूला केला, बूट घातले आणि पळायला गेली.