निर्मळच्या बाईंचा ळ

ळ या अक्षरावर आमच्या बाईंनी जितका जीव लावला, तितका कुणी पोटच्या पोरावर लावला नसेल. मुरारच्या मिशनच्या शाळेत त्या मराठीच्या पहिल्या वर्गाला लिहिणं आणि धर्म, दोन्ही शिकवीत. त्या वसईकडच्या निर्मळ गावच्या ख्रिस्ती. नवरा संस्थानच्या बँडात वाजवायला म्हणून ग्वाल्हेरला आला आणि लवकरच वारला, बाई राहिल्या. लिहिणं आणि धर्म हे दोन निराळे विषय आहेत, हे मात्र त्यांना कधीच पटलं नाही. देव वर बसून आपलं अक्षर बघतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. मोठी ख्रिस्ती मुलं फादरांकडे पापं कबूल करायला जात, तेव्हा आम्हा हिंदू पोरांना वाईट वाटू नये म्हणून बाई आमच्या तोंडाशी कान आणून विचारत, या आठवड्यात कुठलं अक्षर बिघडवलंस? मी क्ष म्हटलं की पाटीभर क्ष काढायचा, की झालं माफ. आईला हे कळलं तेव्हा ती तडक शाळेत गेली. आमचं घराणं फौजेतलं. पोरगी बाटते की काय, ही तिला धास्ती. बाईंनी तिला आमच्या पाट्या दाखवल्या. प्रत्येकीवर आधी श्री होता आणि तो बाईंनीच गिरवून घेतलेला होता. आई परतली ती त्यांना संक्रांतीच्या तिळगुळाचं बोलावणं देऊनच.

आमच्या जिभेला हिंदीची सवय, त्यामुळे ळ कुणाच्याच तोंडात बसत नसे. कुणी "बाल येशू" म्हटलं की बाई म्हणत, अरे, तो केसांचा देव नाही. मग फळ्यावर ळ काढून सांगत, "ही दोन भावंडं एका पांघरुणात निजली आहेत. एकाचं ओढलंत तर दुसरं रडेल." मरियेच्या प्रार्थनेत 'तुझ्या उदराचे फळ' आलं की त्या डोळे मिटत आणि तो ळ असा घोळवत, की आम्हाला खरंच तोंडात काहीतरी गोड आल्यासारखं वाटे.

मग संस्थान गेलं, मध्यभारत आला, आणि राज्यांची पुनर्रचना होऊन तोही मध्यप्रदेशात विरघळला. आमच्या शाळेनं मराठीचा वर्ग बंद केला. भिंतीवर हिंदी अक्षरांचा नवा तक्ता लागला, त्यात ळ नव्हता. बाईंना कुणी काढलं नाही; शाळेच्या मुख्य मदर प्रेमानंच म्हणाल्या की आता हिंदीत शिकवा. निर्मळला त्यांचं कुणी उरलं नव्हतं, जाणार कुठे? जुलैत वर्ग भरला तेव्हा मी वरच्या वर्गात होते आणि खिडकीतून बघत होते. बाईंनी हिंदीत प्रार्थना सुरू केली आणि त्या शब्दाशी येऊन थांबल्या. पोरांना वाटलं, बाई विसरल्या. मग त्या हळूच "फल" म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. मला तेव्हा रडू आवरेना.

पुढे निवृत्तीपर्यंत त्यांनी हिंदीच शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. म्हातारपणी मी भेटायला गेले की म्हणत, "देवाशी मी आता हिंदीतच बोलते गं. तोही त्याच भाषेत ओ देतो. पण माझ्या दगडावर गावाचं नाव नीट घाल. एवढा एक ळ माझ्यापाशी राहू दे."

त्या गेल्यावर मी पाथरवटाला कागदावर ठळक अक्षरात 'निर्मळ' लिहून दिलं. दगड बसला तेव्हा बघते तर 'निर्मल'. मी तावातावानं त्याला गाठलं. तो मुरारचाच, बाईंच्या हिंदी वर्गात शिकलेला. "दीदी, आपसे लिखने में गलती हो गई थी," तो मला समजावत म्हणाला, "मैंने सुधार दी। बाईजी की कब्र पर गलत अक्षर कैसे रहने देता?"

मी परत कबरीपाशी गेले. अक्षर सुरेख होतं. रेघेला सरळ लटकलेलं, डोळे मिटूनही ओळखू यावं असं बाईंचं वळण.

नोव्हेंबरात ख्रिस्ती लोक कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात, तेव्हा मीही जाते. खडूनं त्या ल वर दोन भावंडं निजवते, पांघरूण घालते. दुसऱ्या दिवशी पाहावं तर ती पुसलेली असतात. तोच पुसत असणार, बाईंच्या नावाशी चूक राहू नये म्हणून.