थोरल्या बाईंचं पातेलं

आमच्या थोरल्या जाऊबाई भांडं घ्यायच्या ते सून पारखावी तसं. सोनईच्या बाजारात इनॅमलचं पातेलं उचलून त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, मग आतली बाजू उन्हात धरून काळा ठिपका शोधला. "टवका उडाला की आतलं लोखंड गंजतं. बिनडागाचं दावा," असं त्यांनी दुकानदाराला सुनावलं. त्या बिचाऱ्याने सगळी चळत उतरवली, तेव्हा कुठे निळ्या काठाचं एक पांढरं पातेलं पसंत पडलं.

दुष्काळाच्या त्या दिवसांत कल्हईवाला गावाकडे फिरकेनासा झाला होता. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी कळकली आणि बाईंची धाकटी लेक ओकून ओकून अर्धी झाली. पोर वाचली. बाईंनी मात्र ठरवून टाकलं, यापुढे आंबट रांधायचं ते इनॅमलमध्येच.

आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ते पाहूनच शिसारी आली. घरात इनॅमलचा एकच कप होता. तो ओसरीच्या कोनाड्यात असे, शेतात राबणाऱ्या ठकूबाईच्या चहासाठी. "ह्ये बाहेरचं भांडं. माझ्या चुलीवर न्हाई चढायचं!"

बाईंनी अंगणात तीन दगड मांडले, तिथेच कढी उकळली आणि पोरांना व ठकूबाईला घेऊन तिथेच जेवायला बसल्या. मी नवी नवरी. तोंड उघडायची छाती नव्हती, पण मनातून बाईंच्याच बाजूची.

आत्याबाईंच्या तोंडात दात नव्हते. कढीत कुस्करल्याशिवाय भाकरी उतरत नसे. काही दिवस त्यांनी वरणावर रेटलं. एका दुपारी फोडणीचा वास आला आणि त्या उंबऱ्यातूनच ओरडल्या, "आन गं ते पातेलं आत!"

बाई जागच्या हलल्या नाहीत. "आत्याबाई, पातेलं एकटं न्हाई यायचं. कोनाड्यातला कप बी संगं यील."

ठकूबाईचा घास हातातच राहिला. आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "आन बाई, आन! लई हट्टी हायेस."

तेव्हापासून तो कप आमच्या कपांशेजारी फळीवर असे. अशा बाईच्या हाताखाली मी संसार शिकले, याचा मला अजून अभिमान वाटतो.

बाई आत्याबाईंच्या आधी गेल्या. त्या दिवशी आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाण्याचा घोटही घेत नव्हत्या. शेजारून चहा आला. ठकूबाई कुणाला न विचारता आत गेली, फळीवरून तोच कप काढला, भरला आणि त्यांच्या ओठाला लावला.

आत्याबाई तो चहा प्यायल्या.